चार बाय तीन

रात्री साडेनऊला राजारामपुरीत
फ्लेक्सचं एकच दुकान उघडं.
माझ्या आधी रांगेत दोन वाढदिवस, एक निवड,
एक भावपूर्ण श्रद्धांजली.
तौफिक शिकलगारनं पेनड्राइव्ह लावला,
पोस्टर वर-खाली सरकवलं
आणि विचारलं,
"ताई, ह्यात फोटो कुणाचाच न्हाई व्हय?"

नव्हता.
तीन आलेख होते, एक तक्ता, विद्यापीठाचं बोधचिन्ह
आणि लांबलचक शीर्षक, ज्याचा अर्थ एवढाच
की उसाच्या रसातली मळी
रानभेंडीच्या चिकानं निघते,
पावडरीची गरज नाही.
सगळं इंग्रजीत. परीक्षक बाहेरचे आहेत,
मॅडम म्हणाल्या होत्या.
शब्द कमी कर, असंही म्हणाल्या होत्या,
चार फुटांवरून वाचता आलं पाहिजे.

मी कमी केले.
शियेतली पहाट आधी गेली.
मग काहिलीवरचा हिरवट काळा फेस,
चुलवाणात चिपाड ढकलणाऱ्या आक्काताईंचा खोकला,
वडणग्याच्या वळणावर फुटलेला पहिला थर्मामीटर.
आणि बाबगोंडा,
जे पाण्यात हात बुडवून सरळ उकळत्या पाकाला भिडायचे,
चिमटीत गोळी वळायचे, म्हणायचे, "झालं. उतरा."
माझा आकडा त्यानंतर स्थिर व्हायचा.
पोस्टरवर त्याचं झालं:
एकशे अठरा अंश, अधिक-उणे एक.
ते अधिक-उणे माझ्या यंत्राचं होतं.
बाबगोंडांचं
मी कधी मोजलंच नाही.

"खाली उजवीकडं जागा पडलीया," तौफिक म्हणाला,
"बरं दिसत न्हाई. शुभेच्छुक कोण न्हाईत?"
मी हसले.
तो हसत नव्हता. त्याच्या धंद्यात
इतकं मोठं काम कुणी एकट्याच्या नावावर छापत नाही.

मग मी सांगत गेले, तो टाइप करत गेला,
मराठीत, ठळक.
बाबगोंडा चौगुले. सर्जेराव पोवार.
मुबारकचाचा मुजावर. भुयेचे दोघे भाऊ, केरबा आणि विष्णू.
म्हादबा, ज्यांचं आडनाव मी चार महिन्यांत विचारलं नव्हतं.
सातवं नाव आठवेना.
कर्सर लुकलुकत राहिला.
दहा वाजून वीस मिनिटांनी मी म्हादबांना फोन लावला.
झोपले नव्हते, मागं घाण्याचा आवाज होता.
"त्यो? त्यो पांडबा की. का? मेला-बिला न्हाई न्हवं?"
न्हाई, म्हटलं, पोस्टरवर घेतोय.
पलीकडं बराच वेळ नुसता घाणा.
"मग फोटो चांगला लावा म्हणावं."

सकाळी सभागृहाबाहेरच्या मंडपात
प्रत्येकाला चार टाचण्या दिल्या.
कागदाची पोस्टरं गुमान राहिली.
माझा फ्लेक्स जड, खालचा उजवा कोपरा सारखा सुटायचा,
नावांच्या बाजूचा.
मॅडम येऊन बघून गेल्या. काही बोलल्या नाहीत,
ओठ तेवढे मिटले.
शेजारच्या नॅनोकणांपुढं गर्दी होती,
माझ्यापुढं जेवणाच्या रांगेचं शेपूट.
दोघांनी विचारलं, पांढरा रस्सा संपला का.

परीक्षक आले ते घड्याळाकडं बघत.
नमुने किती, म्हणाले. सात गुऱ्हाळं.
कमी आहेत, म्हणाले. हो, म्हटलं.
तापमान कसं ठरवलं?
मी पाठ केलेलं वाक्य तोंडाशी होतं.
ते न येता
माझा हात वर आला, चिमूट वळली,
हवेतच गोळी करून दाखवली मी त्या भल्या माणसाला.
त्यांनी आधी चिमटीकडं बघितलं, मग कोपऱ्याकडं.
"हे खाली काय लिहिलंय?"
उपकरणं, म्हणणार होते.
सहलेखक, म्हणणार होते.
"शुभेच्छुक," म्हटलं, आणि ते इंग्रजीत कसं सांगायचं
हे ठरेपर्यंत
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढं गेले.

मग चौथी टाचणीही निसटली.
बक्षिसं जाहीर होईपर्यंत दीड तास
मी तो कोपरा अंगठ्यानं दाबून उभी होते.