तेल वाढतंय

बंदी उठायला नऊ दिवस होते.
मढला, भाटीच्या किनाऱ्यावर, 'हरबाकृपा'
ओंडक्यांवर टेकून उभी,
आणि चांगुणाबाई केणी कौतुकानं सांगत होती:
बाकीच्यांची इंजिनं तेल पितात, मिस्त्री,
आमचं तं वाढवतंय.
काडीवर खुणेच्या बोटभर वर. बरकत हाय.

मी काडी ओढली, पुसली नाही, नाकाशी धरली.
दोन बोटांत चोळलं. पातळ, जवळजवळ पाणी.
डिझेल होतं.

लिफ्ट पंपाचा पडदा फाटलेला.
वर चढवायचं ते थेंबाथेंबानं
खाली तेलात सोडत होता,
बहुतेक दिवाळीपासून.
अजून एक हंगाम, आणि बेअरिंगं गेली असती
जिथून किनारा दिसत नाही अशा जागी.
हे मी बोललो नाही. म्हटलं,
तेल बदलावं लागेल. सगळं.
चौदा लिटरांचा हिशेब
तिच्या ओठांवर हलताना दिसला.

तसला पंप आता येत नाही.
दारूखान्यात तीन दुकानं फिरलो,
विजेवरचा मिळाला, मुठीएवढा.
दुकानदार म्हणाला, बारा पौंडाचा न्या, तगडा आहे.
मी चार पौंडाचा उचलला.
म्हाताऱ्या इंजिनाला जोर दाखवू नये,
सील ओकतं.

जुना उतरवला तिथे भोक राहिलं.
इम्तियाजनं जाड पत्रा कापला,
मी पॅकिंगचा कागद कडेवर धरून
हातोडीनं टकटक करत आकार काढला.
नवा टाकीच्या खाली, गाळणीच्या पुढे,
बाण इंजिनाकडे. (एकदा उलटा बसवला होता मी,
वसईला, वीस वर्षांपूर्वी. तेव्हापासून
बाणावर आधी बोट ठेवतो.)
फ्यूज. रिले. तेलाचा दाब पडला
की पंपानंही थांबायचं, अशी वायर.

हिराजी नाखवा फळकुटावर बसून बघत होता.
उजवा हात दोन वर्षांपासून मांडीवर ठेवलेला.
हवा धरली की पंपाची ती खालची दांडी
तोच मारायचा, अंधारात, लाटेवर,
दांडीचं टोक झिजून नाण्यासारखं झालेलं.
मी बटण दाबलं. पंप गुणगुणला.
गाळणीचा स्क्रू सैल केला:
आधी फेस, मग थुंकी, मग पुन्हा फेस,
मग एकसंध, मधाच्या रंगाची धार.
हिराजीचा डावा अंगठा
गुडघ्यावर वरखाली होत होता.

आणि बॅटरी बसली तर? त्यानं विचारलं.
खोटं बोलता आलं असतं.
एक जास्तीची ठेवा, म्हटलं, वेगळी, भरलेली.
म्हंजे अंगठ्याच्या बदल्यात बॅटरी, तो म्हणाला,
आणि तंबाखूची डबी इम्तियाजपुढे केली,
त्यानं उघडून द्यावी म्हणून.

थंड पाण्यासाठी पिंपात नळी सोडली.
दुसऱ्या झटक्याला लागलं.
धूर काळा, मग करडा, मग नुसती ऊब.
वाळूवर उभी होडी अंगभर थरथरली,
शेजारच्या होडीवर जाळं विणणारे
विणता विणता मान वर करून गेले.

जुना पंप इम्तियाजला भंगारात द्यायचा होता.
हिराजीनं तो मागितला नाही,
नुसता डावा हात पुढे धरून ठेवला.
आम्ही दिला.
काढलेलं तेल चांगुणाबाईनं दोन डब्यांत भरलं.
पातळ हाय, लाकडात बरं मुरंल,
असं म्हणून चिंधी बुडवली आणि
होडीच्या बुडाशी बसलीसुद्धा.

मजुरी अर्धी रोख, अर्धी सुके बोंबील.
वर्सोव्याच्या फेरीबोटीत लोक सरकून बसले माझ्यापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन.
मिस्त्री, काडी बघितली.
तेल खुणेवरच हाय. वाढलं नाय.
मी म्हटलं, तेच पाहिजे.
बराच वेळ पलीकडून काहीच नाही,
फक्त कावळे, आणि कुणीतरी बर्फ फोडत होतं.
बरं, ती म्हणाली.
पटलेलं नव्हतं तिला.