गळती

तक्रार एका शब्दाची होती : गळती.
जुन्या मस्कतची गल्ली, दुपारचे अडीच,
उन्हानं शिडीला हात लावू देईना.
मुनाफ उंबऱ्याशी थांबला.
"तू जा भुतूर, पेंडुरकर. देव तुझो."

आत पिंडीवर टांगलेलं तांब्याचं भांडं,
बुडाच्या भोकात दर्भाची काडी,
थेंब. थेंब.
आणि वीतभर डावीकडे
दीड टनाच्या एसीचा दुसरा थेंब
थेट शाळुंकेवर.
पुजारी म्हणाले, "ही नव्हे. ती बंद करायची."

आंघोळ पहाटे चारची.
त्यावर तीन इमारतींचा घाम, तो काही
बुटांसारखा दाराशी काढून ठेवता येईना.
मी घुटमळलो.
पुजाऱ्यांनी पंचा पिळून दाखवला :
"घामाचा विटाळ धरायचा, तर आधी मीच बाहेर."

पाइप तुंबलेला. तोंड लावून फुंकला.
निघाली वाळू, कापराची काजळी
आणि बेलाच्या पानाचा एक कपटा,
थर्माकोलच्या खोक्यातून विमानानं आलेला;
तिथवर चढला कसा, कुणास ठाऊक.

बाहेर येतो तर मुनाफनं
कुणी न सांगता पाइपाखाली बादली लावलेली,
आणि ओंजळ ओंजळ घालतोय
रंगाच्या डब्यातल्या रोपाला.
गुडघ्याएवढा बेल. काटे मात्र पुरते.
"गोडा पानी हा," म्हणाला, "वाऱ्यातला."

गाडीत बसून कागद भरला.
रकाना होता : गळती थांबली का?
पेन तापलेलं, शाई पसरत होती.
लिहिलं : एक थांबली.