लुक आफ्टर

बी-तीनशे चारच्या चौबळ सरांना मी लिहिलं होतं,
नव्या सेक्रेटरींच्या हुकमाने, इंग्रजीत:
वी विल लुक आफ्टर युवर लीकेज.

कागद परत आला. खाली लाल शाईत, मराठीत:
'बाई, गळतीला सांभाळू नका.
सहा महिने मीच सांभाळतोय.
आता पावलं टाकायला लागेल.'

मी कागद ड्रॉवरमध्ये सारला, वर स्टॅम्पपॅड ठेवलं.
लुक म्हणजे बघणे. आफ्टर म्हणजे नंतर.
नंतर बघू.
चुकलं कुठे?
ऐरोलीच्या सेक्टर सतरामधल्या या ऑफिसात
याहून खरं वाक्य
आजवर कोणी टाइप केलेलं नाही.

तरी डबा खाल्ल्यावर वर गेले.
छतावर डाग, कडेने पिवळा, मधे काळपट,
आणि खाली निळी बादली.
टप्.
सर म्हणाले, 'क्रियापदाला भुलायचं नाही.
मागे ते एवढंसं अव्यय असतं ना,
गाडीखालचं कुत्रं,
तर इथे गाडी खरंच तेच ओढतं.'

मग रोजचीच वाक्यं निघाली.
लिफ्ट ब्रेक डाउन झाली, ए विंगची, परत.
टँकर यायच्या आत पाणी रन आउट.
वार्षिक सभा पुट ऑफ,
कारण कोरम नाही, कारण मॅच होती.
आणि प्लंबर टर्न अप होणे.
'याला मराठीत काय म्हणाल?'
'उगवणे,' मी म्हणाले.
सर इतके हसले की ठसका लागला,
पाण्याचं भांडं मला शोधावं लागलं.
ओट्यावर एकच कप, पालथा.

पुट अप विथ मी वहीत तीनदा लिहिलं.
चालवून घेणे.
'हे तुम्हाला पाठच असणार,' ते म्हणाले.
मी काही बोलले नाही.

गिव्ह अप वर मात्र अडले.
गिव्ह देणे, अप वर.
वर देणे?
'सोडून देणे,' सर म्हणाले.
'पण सर, आपल्यातही शेवटी देणंच आलं की.
सोडून देणे. टाकून देणे. जाऊ देणे.
घेतं कोण, ते दोन्हीकडे सांगत नाहीत.'

त्यांनी चष्मा काढला.
कॅलेंडरचं पान उलटून
मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलं,
मला दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवं पत्र गेलं:
वी आर लुकिंग इनटू इट.
आत बघतो आहोत.
सरांनी बरोबरची खूण करून परत पाठवलं.

चारशे चारचे लोक दुबईत, किल्ली त्यांच्या मेहुण्याकडे,
मेहुणा फोन उचलत नाही.
प्लंबर अजून उगवायचाय.

दुपारी तीनच्या सुमारास इंटरकॉम वाजतो.
'बाई, भरली.'
मी वर जाते.
बादली जड असते, एका बाजूने मी धरते.
एक क्रियापद होतं.
मोरीत पाणी ओततो,
आणि बादली पुन्हा त्याच जागी,
फरशीवरच्या गोल डागावर, नीट बसवून ठेवतो.