खोली नंबर तीन

पाच अंश. नव्वद टक्के दमटपणा.
रात्री दोनला वहीत लिहितो, चारला पुन्हा.
वरुडच्या बाहेर आमचं कोल्ड स्टोरेज,
पंख्यांची घरघर, आणि आत क्रेटांच्या उतरंडी.
झाडावरून उतरली तरी संत्री जिवंतच असतात,
थंडीत फक्त सावकाश जगतात.

दिवसा शेडमध्ये त्यांची आंघोळ.
क्लोरीनचं पाणी, फिरते ब्रश,
मेणाचा फवारा, मग गरम हवेचा बोगदा.
पट्ट्याच्या टोकाला पंचफुलाबाई गेडाम.
देठ कात्रीनं कापला की हिसकून तोडला
हे तिचा अंगठा पाहतो,
डोळे भलतीकडेच.
मऊ लागलं की बाजूला.
एका फळाची बुरशी अख्खा क्रेट हिरवा करते,
हे तिला कुणी शिकवलं नाही.

फेब्रुवारीत तिनं एक फळ मागे ठेवलं,
मृगबहाराचं, जरा चपटं, देठाला पान.
बादलीच्या तळचं मेण तळहातानं चोळलं.
वाळू दिलं. परत चोळलं.
मग आणखी एकदा.
"राहू दे ना भाऊ तुह्या खोलीत.
नंदा येईन सुरतेहून, पाडव्याले."
नियमात बसत नव्हतं.
मी वहीत लिहिलं नाही.

पाडवा गेला. नंदाला सुट्टी मिळाली नाही.
ट्रक भरत गेले, खोली रिकामी होत गेली.
कोपऱ्यातल्या फळीवर ते एकटं,
घासल्या पितळेसारखं.
पान तेवढं काळं पडलं.
टॉर्च आपसूक तिकडे वळायचा.

ती आली एप्रिल सरताना,
रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं तेव्हा.
पंचफुलाबाईनं साल काढली, अलगद सुटली,
आणि वास आला:
गोड, आंबूस, मोहाच्या दारूच्या शेजारचा.
मेण जाड झालं की फळ आतल्या आत कोंडतं.
ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं साहेबांनी,
थर पातळ द्या, त्याला श्वास लागतो.
पंचफुलाबाई त्या दिवशी
हरभरा सोंगायला गेली होती.

ती काहीच बोलली नाही. अंगठा पदराला पुसत राहिली.

नंदानं फोड तोंडात टाकली,
डोळे मिचकावले, मग खळखळून हसली.
"माय, हे तं चढते वं!"
तरी दुसरी घेतली.
बिया तळहातावर काढल्या,
तिसरी माझ्यापुढे धरली.

रात्री दोनला लिहिलं:
खोली तीन. पाच अंश. माल निरंक.
पेनाला वास लागला होता.
चारला पुन्हा पाहिलं. होताच.