नऊ वाजून दहा मिनिटं

राउटर खिडकीत ठेवला, मग कपाटावर,
मग फ्रीजच्या डोक्यावर.
चॅनल बदलला. ड्रायव्हर काढून परत घातला.
कंपनीतला पोरगा म्हणाला, बंद करून चालू करा,
जणू तेवढंच राहिलं होतं.

तरी रोज रात्री नऊ-दहाला
डब्लिनहून बोलणारी लेक विनेता
तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजायची.
दोन मिनिटं.

वहीत वेळा मांडल्या, तेव्हा उलगडलं:
रीगातली ही घरं, पातळ छत,
वर म्हातारी आउस्मा
मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवते.

भांडलो नाही.
तेवढ्यात माझा चहा गाळून होतो.

काल नऊ-दहा झाले.
विनेता बोलतच राहिली,
स्वच्छ, एकदाही न अडकता.
म्हटलं, थांब गं जरा,
आणि मोज्यांवरच जिना चढलो.