झाकली मूठ

आयटीआयला मोल्डर ट्रेड घेतला तेव्हा
घरात कुणी विचारलं नाही, मोल्डर म्हणजे काय.
विचारलं एवढंच : कायम करतील का?

पुलाच्या शिरोलीत, एका फाउंड्रीत
सहा महिन्यांच्या कागदावर लागलो.
काम साधं आहे.
दस्तगीर चाचांच्या कपाळाला पट्टा बांधायचा,
पट्ट्यावर कॅमेरा,
लाल दिवा लागला की वेळ लिहायची.
चाचा साचा भरतात.
मी चाचांचे हात भरतो, फाईलमध्ये :
उजवा ०४७, डावा ०४७.

कुठं जातात फायली, विचारलं एकदा.
सुपरवायझर चौगुले म्हणाले, वर.
आणि वर बघितलं त्यांनी,
पत्र्यात एक्झॉस्ट फॅन आहे तिथं.

एकतीस वर्षं झाली चाचांना.
वाळू उचलतात, दाबतात, सोडतात,
बोटांच्या खुणांसकट गोळा तळहातावर बसून राहतो;
मग अंगठ्यानं मोडतात
आणि मोडल्याची कड बघून सांगतात,
"पाणी हाय रं जरा. भोकं पडतील मालाला."
पडतातच.

दुसऱ्या आठवड्यात वरून निरोप आला :
मूठ बंद असताना काही दिसत नाही.
कृपया उघडी ठेवून दाबावी.

चाचा इतके हसले की पट्टा नाकावर आला.
"झाकलीय तवर सव्वा लाख.
उघडी कशी दाबत्यात, येऊन दावा म्हणावं."
मीही हसलो.
तो तास माझ्या हजेरीत धरला नाही.

मग हातमोजे आले.
पातळ, राखाडी, बोटाबोटाला वायर.
आता मूठ झाकली तरी चालते.
कुठल्या बोटाचा जोर किती, ओल किती,
निळी रेघ पडद्यावर चढत जाते,
राजाराम बंधाऱ्याच्या पट्टीवर पंचगंगा चढते तशी,
फक्त इथं इशारा पातळी
कुणी आखलेली नाही.

"मोजा घातला की
माझा हात मलाच लागंना झालाय,"
चाचा तळहात विजारीला पुसत म्हणतात.

त्यांचा वाजिद पुण्यात पार्सलं पोचवतो.
नकाशावर पळणारा एक ठिपका.
फोनवर म्हणतो, अब्बा, तुमचं बरं आहे,
तुमच्याकडनं कुणीतरी शिकतंय.

माझा कागद मार्चला संपतो.

पाळी सुटल्यावर
पट्टा खुंटीला, मोजा खुंटीला,
चाचा म्हणतात, "ये लेका. हात आण."
माझ्या मुठीत वाळू, माझ्या मुठीवर त्यांची मूठ.
"दाब. आणि जरा. बास."
गोळा मोडतो. कड ढासळते.
"कोरडी. परत."

याची नोंद नाही, पैसे नाहीत.
केएमटीत वरची दांडी धरतो
तर दांडीवर वाळू उरते,
थोडीशी, चार बोटांची.

आई दार उघडते. आता विचारत नाही.
मीच सांगतो : कड अजून ढासळते.
"बरं. हात धुऊन घे," म्हणते,
आणि मी
जरा वेळानं धुतो.