डावीकडची सीट

मीटर पाहू नका, तो खोटं बोलतो.
दोनदा सगळे नऊ झाले
आणि दोनदा तो निरागस चेहऱ्यानं शून्यावर आला.
मॉडेल शहाऐंशीचं.
रंग कागदावर पांढरा आहे,
उन्हात उभी करून तुम्ही ठरवा.
दार जरा उचलून लावायचं, आपटलं तर रुसतं.
थंडीत चोक ओढायचा तो दोन बोटं, पूर्ण नाही.
सायलेन्सर नवा. पत्रा मात्र खालून
खाडीच्या हवेनं खाल्लाय.
मागची मॅट उचला, मी लपवत नाही:
तिथून सेक्टर आठचा रस्ता दिसतो.

हे सगळं मी फोनवर एकवीस जणांना सांगितलं.
सतरा जण म्हणाले, लास्ट बोला.

तुर्भ्याहून एक आला, खिशात चुंबक घेऊन.
जिथे चिकटलं नाही तिथे माझ्याकडे बघून हसला.
लांबी भरलीय, म्हणाला.
भरलीय, म्हटलं. माझ्याही दाढेत भरलीय.
त्यानं किलोचा भाव सांगितला.

पाम बीचवरचा हॉटेलवाला सरळ ऐंशी हजार बोलला.
इंजिन नको, ते तुम्ही ठेवा.
दारात उभी करू, डिकीत पाणीपुरीचा काउंटर,
लोक फोटो काढतील.
मी त्याला चहा दिला. बिस्किटंही.
ऐंशी हजार हसण्यावारी नेण्याची रक्कम नाही,
त्यात माझे दोन्ही मोतीबिंदू निघतात.
कळवते म्हटलं.

रविवारी उरणहून भाविक घरत आला.
सोबत आई,
चपला हातात घेऊन मागच्या सीटवर बसलेली.
त्यानं टायरला लाथ मारली नाही.
डावीकडच्या सीटखाली वाकून पाहिलं:
मॅडम, इथे भोकं कसली?

तिथे माझा ब्रेक होता. आणि क्लच.
अठ्ठावीस वर्षं.
टपावर लाल पाटी, खोत मोटार ट्रेनिंग,
खाली बारीक अक्षरांत: महिलांना महिला शिकवतील.
नंतर पुरुषही आले, लाजत.
मार्केटमधला कांद्याचा व्यापारी आला,
तो प्रत्येक वळणावर गणपतीचं नाव घ्यायचा
आणि इंडिकेटर विसरायचा.
दोन सिस्टर आल्या, एकीच्या पाळीत दुसरी मागे बसून प्रार्थना करायची.
एक यायची दुपारी दोनला, घरी न सांगता.
पहिल्याच फटक्यात पास झाली.
लायसन्स आमच्या पत्त्यावर आलं,
ती न्यायला आलीच नाही.
डॅशबोर्डात होतं ते, काल काढून घेतलं.
ते गाडीबरोबर जात नाही.

ट्रायल मारू का, घरत म्हणाला.
मारू. पण पारसिकच्या चढावर.
अर्ध्यात थांबवलं त्याला. हँडब्रेक लाव.
आता सोड.
गाडी वीतभर मागे घरंगळली
आणि माझा पाय
मला न विचारता दाबत गेला,
दाबत गेला,
मॅट, मॅटखाली पत्रा, पत्र्याखाली थेट डोंगर.
मागून त्याची आई म्हणाली, आई एकवीरे.
तेवढ्यात गाडी थरथरत
हाफ क्लचवर उभी राहिली.
माझ्याशिवाय.

पुढे कोणी बोललं नाही. वरून शहर दिसत होतं,
त्यातल्या कितीतरी गाड्या माझ्या पायाखालून गेलेल्या.

बावन्न हजार. पाचशेच्या नोटा, हळदीचा वास येणाऱ्या;
डब्यात होत्या, आई म्हणाली.
फॉर्म एकोणतीस, फॉर्म तीस,
माझी सही अजून शिकाऊ माणसासारखी,
रेघेच्या बाहेर जाते.
हॉटेलवाल्याला मेसेज टाकला: गेली.
त्यानं रडणारा चेहरा पाठवला, पिवळा.
एक डोळा यंदा करीन, दुसऱ्याचं पुढे बघू.

गल्लीतून रिव्हर्स घेताना
पोरगा आरशावर विसंबला नाही,
मान वळवून पाहत गेला.
मी फाटक लावलं.
माळ्यावर पेपरात गुंडाळलेली दोन पेडल आहेत,
त्यांचं काय करायचं ते कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

साडेसातला फोन वाजला.
मॅडम, चोक किती बोटं म्हणालात?
दोन, म्हटलं.
पूर्ण नाही.